न निघालेला काटा

कृतज्ञतेवर प्रवचन करायचे झाले की पाद्री बहुधा लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेतात. दहाही बरे होतात, आभार मानायला एकच परत येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका. गोष्ट सुंदर आहे. ती सांगणारा लूक परंपरेने वैद्य मानला जातो. वेंगुर्ल्याला मिशनऱ्यांनी काढलेल्या रुग्णालयालाही सेंट ल्यूकचेच नाव आहे. पण मालवण-वेंगुर्ल्याकडून भल्या पहाटे निघून वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या फेऱ्या मारणाऱ्या माणसाला ही गोष्ट अर्धीच पुरते. त्याचा संधिवात गेलेला नाही, मूत्रपिंडे पुन्हा चालू झालेली नाहीत. त्या दहांत त्याने स्वतःला शोधायचे कुठे?

त्याच्यासाठी नव्या करारात दुसरा एक उतारा आहे. पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र, बारावा अध्याय, सातव्या वचनापासून दहाव्यापर्यंत. त्यात पौल आपल्या शरीरातल्या काट्याविषयी, न गेलेल्या एका दुखण्याविषयी, लिहितो. जेमतेम चार वचने, पण आजारी माणसासोबत इतकी खरी राहिलेली दुसरी ओळ मला बायबलात सापडलेली नाही.

आधीचा अकरावा अध्याय मात्र वाचून घ्यावा, आणि तो समुद्राकाठीच वाचावा. पौल आपल्यावर आलेल्या संकटांची यादी देतो: फटके, दगडांचा मार, तीनदा फुटलेले गलबत, एक रात्र नि एक दिवस भर समुद्रात. ज्यांच्या घरचा माणूस वादळात होडीवर अडकून परत आलेला आहे, त्यांना ही यादी समजावून सांगावी लागत नाही. शरीरातला काटा मात्र या यादीत नाही. त्यासाठी पौल वेगळी जागा करतो. मला याचे कारण असे वाटते की वादळ सरते, म्हणून त्याची गोष्ट होते; घरी आल्यावर ती चारचौघांत सांगता येते. जुनाट दुखण्याला शेवट नसतो, मग त्याची गोष्ट कशी सांगणार? पौल ती सांगतच नाही. काटा म्हणजे नेमके काय, डोळे, हिवताप की आणखी काही, यावर अभ्यासकांनी पुष्कळ तर्क केले. पौलाने नाव झाकून ठेवले आणि त्यामुळे प्रत्येक रोग्याला त्या ओळीत जागा झाली.

आता रचना पाहा. काट्याच्या आधी पौल एका माणसाबद्दल बोलतो, जो चौदा वर्षांपूर्वी तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला होता. हा माणूस तो स्वतःच, पण तो ‘मी’ म्हणत नाही. तिथे ऐकलेले शब्दही सांगत नाही. ते माणसाने उच्चारायचे नव्हेत, एवढेच म्हणतो. दुखण्याकडे येताच सरळ ‘मी’ येतो. आणि या उताऱ्यात प्रभूच्या तोंडचे जे एकुलते एक वाक्य आहे, ते स्वर्गातून आणलेले नाही, दुखण्याला मिळालेले उत्तर आहे. वैभवाचा अनुभव घेऊन पौल मुका परततो. वेदनेतून मात्र वाक्य घेऊन येतो. अख्ख्या पत्राचा जीव मला इथे दिसतो.

ते उत्तर काय? काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवले. गेथशेमानेच्या बागेत येशूनेही तीनदाच प्रार्थना केली होती. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे, दुबळेपणातच सामर्थ्य पूर्णत्वाला जाते, असे त्याला सांगितले गेले. आजाऱ्याला ‘सोस आणि आभार मान’ असे सांगणाऱ्यांनी यातल्या तीन मागण्या विसरू नयेत. दुखणे जावे असे मागण्यात श्रद्धा उणी पडत नाही. पौलाने ते मागितले आणि पत्रात लिहूनही ठेवले. पुढे तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एक साधी बातमी आहे, त्रफिम आजारी असल्याने त्याला मिलेतात ठेवले. प्रेषिताच्या सोबत्यांतही बरे न झालेले होते.

या चार वचनांत आभाराचा शब्द नाही. तो पत्रात इतरत्र विखुरला आहे आणि जवळजवळ नेहमी अनेकवचनी आहे. पहिल्या अध्यायात पुष्कळांच्या प्रार्थनेमुळे पुष्कळांनी आभार मानावेत अशी इच्छा येते. चौथ्यात मातीच्या भांड्यातली ठेव येते आणि थोड्याच वचनांपुढे अधिकाधिक लोकांमुळे वाढत जाणारी उपकारस्तुती. रोग्याने एकट्याने, हसऱ्या चेहऱ्याने कृतज्ञ व्हावे, असे पौल कुठे म्हणत नाही. घरी खिळलेल्या म्हातारीकडे पाद्री कम्युनियन घेऊन येतात, शेजारणी तिच्या खाटेपाशी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. तिचा आवाज निघाला नाही तरी प्रार्थना पुरी होते. तिच्या वाट्याचे आभार त्या बायका मानतात.

हा उतारा मराठीत ज्यांनी आणला, त्यांतल्या दोघांची आठवण इथे हवी. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांनी नव्या कराराचा अनुवाद केला. त्याच्या कितीतरी आधी पंडिता रमाबाईंनी अख्खे बायबल साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत उतरवले. 1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला; कान अधू होत गेल्याने तो मार्ग बंद झाला. कानांचे दुखणे गेले नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशनचा पसारा सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांशी वर्षानुवर्षे झुंज घेतली. 1921मध्ये मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि पूर्ण बायबल 1924मध्ये बाहेर आले. काट्याची ही वचने मराठीत लिहिताना त्यांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

आणि त्या बाराव्या अध्यायातले चौदावे वचन सोडू नये. काट्याचे बोलून झाल्यावर पौल लगेच प्रवासाचा बेत सांगतो: मी तुमच्याकडे तिसऱ्यांदा यायला तयार आहे, आणि मी तुम्हांला भार होणार नाही. तो पैशांबद्दल बोलतोय, हे खरे. पण दीर्घ आजारी माणसाच्या मनात रात्रंदिवस घोळणारी धास्ती हीच, घरच्यांना आपला भार होईल. तीच धास्ती बोलून दाखवत, न निघालेल्या काट्यासकट, पौल करिंथला जायची तयारी करतो.