दाब की ताण? : कोवळ्या फुप्फुसांच्या पार्यतेविषयीचा एक प्रयोग

यांत्रिक श्वसनाने फुप्फुसास इजा होते ती दाबामुळे की फाजील ताणामुळे, हा प्रश्न एर्नांदेझ, पीव्ही, मोइझ आणि पार्कर यांनी १९८९ साली कोवळ्या सशांवरील प्रयोगात हाताळला. ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी’मधील या निबंधाचा आधार पुढे अनेकांनी घेतला, तथापि त्यात जे सिद्ध झाले आणि त्यावरून जे गृहीत धरले जाते, या दोहोंत अंतर आहे.

प्रयोगाची मांडणी साधी व म्हणूनच परिणामकारक आहे. काही सशांची छाती मोकळी होती. काहींच्या सबंध धडावर प्लास्टर चढवून छातीचे फुगणे रोखले होते. दोहोंना १५, ३० वा ४५ सें.मी. पाण्याइतक्या कमाल दाबाने तासभर श्वसन दिले व नंतर फुप्फुसे काढून केशवाहिन्यांचा गाळण-गुणांक मोजला. मोकळ्या छातीत तो ३० सें.मी. दाबाला ३१ टक्क्यांनी, ४५ ला ४३० टक्क्यांनी वाढला. प्लास्टरखाली लक्षणीय वाढ झालीच नाही. उलट, शरीराबाहेर काढूनच फुगविलेल्या फुप्फुसांत अवघ्या १५ सें.मी. दाबाने ती ८५० टक्के झाली! दोषी दाब नव्हे, ताण होय, हा निष्कर्ष येथवर निर्विवाद वाटतो.

प्लास्टरमुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. संरक्षणाचा काही वाटा त्यालाही असेल, अशी शंका येते. मापन मागाहून, निराळ्या केलेल्या फुप्फुसांवर झाल्याने ती बरीचशी फिटते, पुरती नव्हे. अधिक गंभीर आक्षेप गुणांकाविषयी आहे. भित्तीची गळती आणि गाळणारे क्षेत्रफळ यांचा तो गुणाकार आहे. त्याची वाढ म्हणजे पार्यतेचीच वाढ, असे केवळ आकड्यावरून म्हणता येत नाही. ही उणीव कार्लटन व सहकाऱ्यांनी १९९० साली कोकरांच्या फुप्फुसांतील लसिकेच्या प्रथिनांवरून भरून काढली. त्यांचाही कौल ताणाच्याच बाजूने पडला.

परंतु ‘कोवळे फुप्फुस अधिक नाजूक’ हे विधान निराळे आहे आणि ते या निबंधाच्या पदरी बांधणे अन्यायाचे होईल. त्यात प्रौढ सशांशी तुलनाच नाही. ती अॅडकिन्स व सहकाऱ्यांनी १९९१ साली केली आणि कोवळ्या सशांना इजा अधिक झाली. मात्र तेथे मात्रा दाबाने ठरविली होती. मऊ फुप्फुसात त्याच दाबाने वजनाच्या मानाने अधिक हवा शिरते. कोर्नेकी व सहकाऱ्यांनी २००५ साली उंदरांना वजनाच्या प्रमाणात हवा दिली, तेव्हा पिलांनाच इजा कमी झाली. दोन्ही प्राण्यांची फुप्फुसे जन्मसमयी सारखी विकसित नसतात, हे खरे. तरी नाजूकपणा ऊतीत आहे की मात्रेच्या मापात, हा प्रश्न सुटत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या बाबतीत हा भेद पुस्तकी राहत नाही. त्याच्या बरगड्या मऊ. सशाला प्लास्टरने दिलेला आधार त्याच्या छातीत जवळजवळ नसतो. यंत्रावरील दाबाचा आकडा माफक असूनही फुप्फुसात किती हवा गेली, हे त्यावरून कळत नाही. ब्यर्कलुंड व सहकाऱ्यांनी १९९७ साली अपक्व कोकरांना जन्मताच हाताने केवळ सहा मोठे श्वास दिले. नंतर दिलेल्या सर्फॅक्टंटचा गुण त्यांना पुरता आला नाही.