कागदाला लागलेलं सुतक

समुद्रप्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला एका बेटावरच्या ग्रामकचेरीतून पत्र येतं. लाखेनं तोंड बंद केलेल्या बिअरच्या बाटल्या किनाऱ्याला लागल्या तर कळवावं, अशी सूचना होती; त्यानुसार शोध घेता तीन बाटल्या मिळाल्या, त्या सोबत पाठवत आहोत. भाषा तलाठी कार्यालयातल्या पत्रासारखी कोरडी. मग बाटल्यांतली तीन पत्रं येतात. निर्जन बेटावर अडकलेल्या भावा-बहिणीची ही पत्रं उलट्या क्रमानं लावलेली आहेत: अखेरचं आधी, मग मधलं, आणि लहान मुलांच्या अक्षरातलं पहिलं सर्वांत शेवटी. युमेनो क्यूसाकु या जपानी लेखकाची १९२८ सालची ही कथा, 'बिनझुमे जिगोकु', म्हणजे बाटलीबंद नरक. कथेत भूत नाही, निवेदक नाही. फक्त चार कागद आहेत. एका पत्रापासून दुसऱ्यापर्यंतच्या वर्षांत त्या दोन मुलांचं काय झालं असेल, हे आपलं आपण जुळवायचं, आणि जुळवता जुळवता अंगावर काटा येतो.

मराठीतली भुताची गोष्ट बहुधा तोंडी असते. "आमच्या मामांनी स्वतः पाहिलंय" या एका वाक्यावर ती उभी राहते. मामांवर विश्वास असेल तर गोष्टीवरही बसतो. कागदपत्रांच्या भयकथेत असे मामा नसतात. जबाब असतो, कुणाची तरी डायरी असते, वर्तमानपत्राचं कात्रण, मध्येच तुटलेली ध्वनिफीत. हा प्रकार आज सर्वांत जिवंत आहे तो जपानमध्ये. तिथे त्याला जे सापडलं ते इतरत्र क्वचितच सापडलं, असं माझं मत आहे.

युरोपात या युक्तीचा इतिहास जुना आहे. होरेस वॉलपोलनं १७६४ मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रांटो' ही कादंबरी जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद म्हणून छापली आणि दुसऱ्या आवृत्तीत खरं काय ते सांगून टाकलं. पुढच्या बहुतेक कलाकृतींनी 'हे खरोखर घडलं का?' हा एकच प्रश्न वाचक-प्रेक्षकाच्या मनात पेटता ठेवला. 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) या चित्रपटाच्या वेळी नट खरोखर मेले नाहीत हे सिद्ध करायला दिग्दर्शक रुजेरो देओदातोला त्यांना समोर आणावं लागलं. बीबीसीनं ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री 'घोस्टवॉच' हे नाटक थेट प्रक्षेपण असल्यासारखं दाखवलं, आणि फसवले गेल्याचा संताप इतका उसळला की बीबीसीनं ते पुन्हा प्रसारित केलंच नाही. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'नं (१९९९) तीन विद्यार्थी बेपत्ता झाल्याची बतावणी जाहिरातीपासूनच सांभाळली. ही कामं ताकदीची आहेत, पण प्रश्नाचं उत्तर कळलं की त्यांची निम्मी धार जाते.

ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' (१८९७) मला यात वेगळा वाटतो. रोजनिशा, तारा, जहाजाची नोंदवही, फोनोग्राफवर बोललेल्या नोंदी हे सगळं कादंबरीची नायिका मीना टंकलिखित करून एकत्र लावते. ड्रॅक्युला मूळ कागद आणि मेणाच्या नळकांड्या जाळतो, आणि तिजोरीतली एक प्रत तेवढी वाचते. शेवटी तिचा नवरा जोनाथन हार्कर कबूल करतो की आपल्याकडे अस्सल म्हणावा असा कागद जवळपास नाहीच, आहे ते टंकलेखन. पुरावा टिकत नाही आणि तरी भीती टिकते, हे स्टोकरला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

जपानी लेखकांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्याकडे कागद संसर्गजन्य आहे. कोजी सुझुकींच्या 'रिंगू'मधली (कादंबरी १९९१, चित्रपट १९९८) ध्वनिचित्रफीत पाहणाराच सापळ्यात अडकतो, हे जगभर ठाऊक आहे. कोजी शिराइशींचा 'नोरोई' (२००५) त्याहून मोठं काम आहे. घर जळालं, पत्नी गेली आणि स्वतः बेपत्ता झाला अशा एका माहितीपटकाराची शेवटची फिल्म म्हणून तो आपल्यासमोर येतो. त्यात टीव्हीवरचे करमणुकीचे कार्यक्रम आहेत, खऱ्या कलाकारांनी स्वतःच्याच नावानं केलेल्या भूमिका आहेत, आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातल्या विधीचं जुनं चित्रण आहे. गाव बुडालं, विधी थांबला, ज्याला शांत ठेवायचं ते मोकळं सुटलं. धरणग्रस्तांच्या महाराष्ट्रात हे फार समजावून सांगावं लागू नये.

पण या परंपरेचं शिखर मी फुयुमी ओनो यांच्या 'झान-ए' या कादंबरीला मानतो. २०१२ साली ती आली आणि पुढच्या वर्षी तिला यामामोतो शुगोरो पुरस्कार मिळाला. निवेदिका स्वतः लेखिका आहे, ओनोंसारखीच. तिनं आपल्या जुन्या पुस्तकमालिकेच्या शेवटी वाचकांना त्यांचे भीतीचे अनुभव कळवायला सांगितलेलं असतं. तिला पत्र येतं: भाड्याच्या फ्लॅटमधल्या रिकाम्या खोलीतून तातामीच्या चटईवर झाडू फिरवल्यासारखा आवाज येतो. बस, एवढंच. इमारतीत कुणी मेलेलं नाही. म्हणून शोध इमारतीच्या आधीच्या घरांकडे जातो, मग त्याआधीच्या, मग त्याही आधीच्या. फेरफारांच्या नोंदी उलट्या चाळत जावं तसं एकेका कुटुंबाचं नाव, कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं. वर्षं जातात. मध्येच निवेदिकेचं घर बांधणं, तिचं मानेचं दुखणं. वाचक कंटाळण्याच्या बेताला येतो, आणि तेवढ्यात एका नोंदीतला आवाज दुसऱ्या, शेकडो मैल दूरच्या नोंदीशी जुळतो.

या कादंबरीचा कणा आहे 'केगारे', म्हणजे अशौच. ९२७ साली पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या दरबारी नियमसंग्रहात मृत्यूचं अशौच एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्यात कसं जातं याचे नियम आहेत. ओनो ते पुढे ठेवतात आणि विचारतात: हे अशौच कधी फिटलंच नाही तर? जागेवर राहिलं, माणसांबरोबर गावोगाव गेलं, गोष्ट सांगण्यातून आणि ऐकण्यातून पसरलं तर? सुतक म्हणजे काय हे लहानपणापासून घरात पाहिलेल्या मराठी वाचकाला इथे तळटीप नको. कुणी गेल्याचं दूरगावाहून पत्र यायचं आणि ते वाचलं त्या क्षणापासून घराला सुतक लागायचं. कागद सुतक घेऊन येतो, ही कल्पना आपल्या जुन्या पिढीनं प्रत्यक्ष जगलेली आहे.

ओनोंनी त्याच वर्षी ९९ छोट्या अद्भुत कथांचा 'किदान ह्याक्केइ' हा संग्रहही काढला. शंभर भयकथा सांगून झाल्या की खरोखर काही तरी प्रकट होतं, असा जपानी समज आहे. शंभरावी गोष्ट म्हणजे 'झान-ए'. दोन्ही पुस्तकं वाचणारा स्वतःच्या हातानं तो आकडा पुरा करतो. यापेक्षा नेमकी रचना मला या प्रकारात आढळलेली नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत जपानमध्ये या प्रकाराला भरती आली आहे. पांढरा मुखवटा घालून वावरणाऱ्या उकेत्सु या अनामिक लेखकानं 'हेन ना इए'मध्ये (२०२१) घराचा नकाशाच पुरावा म्हणून पुढे ठेवला: स्वयंपाकघराजवळ भिंतींनी बंद केलेली निरुपयोगी जागा, खिडकी नसलेली मुलांची खोली. 'सेसुजी' या टोपणनावानं लिहिलेलं 'किन्की प्रदेशातल्या एका ठिकाणाविषयी' (२०२३) हे पुस्तक मासिकांतले लेख, वाचकांची पत्रं, मुलाखतींच्या नोंदी यांचं बनलं आहे, आणि ठिकाणाचं नाव सर्वत्र काळ्या ठिपक्यांनी झाकलं आहे. टीव्ही टोकियोनं २०२४ मध्ये पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी हरवलेल्या एका स्त्रीच्या शोधाचा काल्पनिक कार्यक्रम दाखवला. त्याच वर्षी टोकियोत बेपत्ता माणसांच्या वस्तूंचं आणि पत्रकांचं प्रदर्शन भरलं, तेही पूर्णपणे काल्पनिक. हे काल्पनिक आहे असं आयोजक स्पष्ट सांगत होते, तरीही लोक ते बघायला गेले. 'घोस्टवॉच'च्या काळापासून एवढं अंतर कापलं गेलं आहे. वाचकाला फसवण्याची आता गरज उरलेली नाही. एका बटणावर खोटं चित्र तयार होण्याच्या काळात 'हे खरं चित्रण आहे' या दाव्यावर उभं राहिलेलं भय कोसळणारच होतं. संसर्गावर उभं राहिलेलं टिकलं.

या भरतीत मला एक धोकाही दिसतो. नव्या पुस्तकांचा वाचक कोडं सोडवायला बसतो आणि लेखक त्याला उत्तर द्यायला उतावीळ होतात. 'हेन ना इए'चा पहिला नकाशा अस्वस्थ करतो, पण पुढे एका घराण्याच्या जुन्या विधीचं स्पष्टीकरण इतकं लांबतं की त्या बंद जागेतला काळोख संपून जातो. सेसुजी यांनी ठिपक्यांमागचं नाव राखून ठेवलं, म्हणून ते पुस्तक मला जास्त मोलाचं वाटतं. शिराइशींनी २०२५ मध्ये त्यावर चित्रपट केला. त्याचा कागदपत्रं चाळणारा पूर्वार्ध घट्ट आहे. उत्तरार्धात जे झाकायचं तेच दाखवायला सुरुवात होते, आणि 'नोरोई'चा दिग्दर्शक असं करतो याचं वाईट वाटतं. क्यूसाकुनं चार कागदांत जे रिकामं सोडलं होतं ते भरायचा मोह त्याच्या वारसदारांना आवरत नाही.

मराठी वाचकाला जपान 'तोत्तोचान'मधून आणि शिरीष पैंनी आणलेल्या हायकूमधून भेटला. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आता दुसरी-तिसरी पिढी आहे. त्यांच्यातल्या कुणी तरी 'झान-ए' थेट जपानीतून मराठीत आणावी, आणि 'केगारे'ला 'सुतक' हाच शब्द वापरावा.