कोणताही कागद चालेल?
सुंदर रावांच्या पुस्तकाच्या निमित्ताने

कार्यानुभवाच्या तासाला हमखास दिसणारे एक दृश्य आहे. बाई फळ्यापाशी उभ्या राहून घडी दाखवतात, "कोपऱ्यावर कोपरा आणा, नखाने दाबा" म्हणतात. पहिल्या तीन-चार घड्या साऱ्या वर्गाला जमतात. पाचव्या-सहाव्या घडीला मात्र निम्म्या मुलांचे कोपरे जुळेनासे होतात, कुणाचा कागद घडीवर फाटतो, कुणाची घडी दाबूनही उघडते. मग आपण म्हणतो, "नीट लक्ष दे" किंवा "तुझा हातच वळत नाही". मीही हे अनेकदा म्हटले आहे. एकदा अशाच एका मुलाने शेजारच्या मुलीचा कागद घेऊन तीच घडी बिनचूक घातली, तेव्हा माझ्या लक्षात आले की दोष हाताचा नव्हता. त्याच्याकडे जुन्या वहीचे जाड पुठ्ठ्यासारखे पान होते आणि तिच्याकडे पातळ रंगीत कागद.

त्यानंतर मी घडीकामाची पुस्तके कागदाच्या बाजूने वाचू लागलो. आकृत्या, बाण, तुटक रेषा यांवर पानेच्या पाने खर्ची घातलेली असतात, पण कागदाविषयी बहुधा एकच वाक्य असते: एक चौरस कागद घ्या. या सवयीचा मागोवा घेताना आपल्याच देशातल्या एका थोर पुस्तकापाशी थांबावे लागते.

टी. सुंदर राव यांचे 'जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग' हे पुस्तक १८९३ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या भूमितीविषयक व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला. तो वाचून बेमन आणि स्मिथ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९०१ साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती काढली. चौरसापासून सुरुवात करून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन असे करत शंकुच्छेदांपर्यंतची भूमिती केवळ घड्यांच्या आधारे उभी करणारे हे पुस्तक आजही शिक्षकाने हाताशी ठेवावे असे आहे.

आणि हे पुस्तक कागदाबद्दल मौन बाळगत नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीतील घडीकामाच्या संचावरून आपल्याला हे सुचले, असे राव प्रस्तावनेत सांगतात. त्या संचात दोनशे रंगीत चौरस असत, एका बाजूने घोटीव. पण तसाच कागद हवा असे नाही, मध्यम जाडीचा कोणताही कागद चालेल, रंगीत कागदावर घडीची रेषा अधिक स्पष्ट दिसते एवढेच, असा त्यांचा अभिप्राय आहे. पुढे ते तयार चौरसावरही विसंबत नाहीत. वेड्यावाकड्या आकाराच्या कागदातून सरळ कड, मग काटकोन, मग चौरस कसा मिळवायचा, हे पहिल्याच प्रकरणात येते. साधने म्हणजे एक चाकू आणि कागदाचे तुकडे. गरीब शाळेतल्या शिक्षकाला याहून मोठा दिलासा कोणता?

रावांचा हा सल्ला त्यांच्या कामापुरता योग्यच आहे. त्यांच्या पुस्तकात घडी म्हणजे रेषा. कागद दुमडायचा, ठसा उमटवायचा आणि पुन्हा उलगडायचा. एकावर एक थर साचत नाहीत, म्हणून जाडीचा प्रश्न फारसा येत नाही. चूक पुढे झाली. भूमितीसाठी दिलेली ही मुभा आपण होडी, टोपी, बेडूक आणि क्रौंच पक्षी यांच्या घडीकामालाही तशीच लावली. तिथे ती लागू पडत नाही.

साधा हिशेब करून पाहू. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. १५ सेंटिमीटरचा चौरस पाच वेळा निम्मा केला की ३२ थर होतात, म्हणजे ३.२ मिलिमीटर. पाव मिलिमीटर जाडीच्या कार्डशीटचे तेच ३२ थर ८ मिलिमीटर भरतात आणि तेव्हा घडीचा आकार उरतो जेमतेम पावणेचार बाय दोन सेंटिमीटर. शिवाय घडीच्या बाहेरच्या थराला आतल्या थरापेक्षा लांबचा वळसा घ्यावा लागतो, म्हणून कोपरे सरकतात. भूमितीतल्या रेषेला रुंदी नसते, कागदावरच्या घडीला असते. मुलाचे कोपरे जुळत नाहीत तेव्हा तो कधीकधी हा नियमच सिद्ध करत असतो!

यावरून लक्षात येईल की नुसत्या जाडीला अर्थ नाही. जाडी आणि बाजू यांचे गुणोत्तर पाहायचे. वर्तमानपत्राचा कागद मऊ, आखूड तंतूंचा, त्यावर घडी करकरीत बसत नाही. तरी त्याची टोपी उत्तम होते, कारण ताव मोठा असतो. तोच कागद दहा सेंटिमीटरचा कापून क्रौंच करायला दिला तर मूल रडकुंडीला येईल.

रावांच्या पुस्तकातील दुसरी उणीव अधिक खोल आहे. त्यांचा कागद सर्व दिशांनी सारखा आहे. प्रत्यक्षात यंत्रावर बनणाऱ्या कागदात लगद्याचे तंतू बहुतांशी यंत्राच्या गतीच्या दिशेने लोळतात. लाकडात रेषा असतात तशीच ही कागदाची दिशा. तंतूंच्या दिशेने घडी सहज आणि सरळ पडते, आडवी घातली तर विरोध करते आणि जाड कागदावर खरबरीत होते. त्यामुळे एकाच चौरसाच्या दोन मध्यघड्या सारख्या वागत नाहीत.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एकाच कागदातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही एका टोकाला धरून हवेत आडव्या ठेवा. जी अधिक झुकेल तिच्यात तंतू आडवे आहेत. खात्री करायची तर कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळेल आणि त्या नळीची लांबी तंतूंच्या दिशेत असेल. कारण पाणी शोषल्यावर तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो.

याच कारणाने पावसाळ्यात चौरस बिघडतो. दमट हवेत कागद एका दिशेने अधिक पसरतो. त्यात बाजारातल्या पाकिटांतले चौरस मुळातच नेमके कापलेले असतील याचा भरवसा नाही. एक बाजू १५ आणि दुसरी १५.२ सेंटिमीटर असेल तर एका कोपऱ्यातून घातलेली ४५ अंशांची घडी समोरच्या कोपऱ्याला २ मिलिमीटरने चुकते. तेव्हा पाकीट फोडल्यावर आधी एक कागद दोन्ही कर्णांवर दुमडून पाहावा. येथे रावांचेच पहिले प्रकरण मदतीला येते: चौरस विकत घेण्यापेक्षा मुलांकडूनच करवून घ्यावा. ए-४ कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस निघतो आणि उरलेली पट्टी पुढच्या प्रयोगाला उपयोगी पडते.

कागदाकडे पाहण्याची याच्या अगदी उलट दृष्टी जपानच्या अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांच्या कामात दिसते. घडीच्या आकृत्यांची बाण-रेषांची जी खूणपद्धत आज जगभर वापरतात, तिचा पाया त्यांच्या १९५४ च्या पुस्तकाने घातला. पण योशिझावा कागदाला निव्वळ पृष्ठभाग मानत नसत. जाड कागद किंचित ओलसर करून घडवण्याची रीत त्यांनी रूढ केली. ओलाव्याने कागदातली खळ सैल होते, आकाराला गोलाई देता येते आणि वाळल्यावर तो आकार टिकतो. जपानी हातकागदातला कोझोचा, म्हणजे तुतीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीचा, तंतू लाकडी लगद्याच्या तंतूच्या कितीतरी पट लांब असतो, म्हणून पातळ असूनही तो वारंवारची घडी सोसतो. आपल्याकडे आकृत्या पोहोचल्या, कागदाविषयीची ही जाण मागेच राहिली.

मग जपानी कागद मागवायचा का? मुळीच नाही. काम पाहून कागद निवडायचा. कडेवर बिंदू आणून अन्वस्त उमटवायचा असेल तर बटर पेपर घ्यावा. त्यातून बिंदू दिसतो आणि घडीची पांढरी रेषा उठून दिसते. पक्षी-प्राण्यांसाठी पातळ, करकरीत, एका बाजूने रंगीत कागद. आपला घोटीव कागद यासाठी चांगला, पण तीच घडी पुन्हा पुन्हा उलटसुलट केली की रंगाचा थर तडकतो, म्हणून सरावाला तो देऊ नये. सरावाला झेरॉक्सचा एका बाजूने वापरलेला कागद पुरे. पताकांचा कागद घडी धरतो, पण उभा राहत नाही. चिंध्यांचा हातकागद ओलसर घडीला वापरून पाहण्यासारखा आहे.

पाकिटावर वजन छापलेले नसेल तर तेही वर्गात काढता येते. ए-४ आकाराचे सोळा कागद म्हणजे एक चौरस मीटर. सोळा कागद वाण्याच्या तराजूत टाका. जितके ग्रॅम भरतील तितके ग्रॅम प्रति चौरस मीटर. सत्तर ते ऐंशीच्या आसपास असेल तर साध्या घडीकामाला कागद चालेल, दीडशेच्या पुढे असेल तर तो भेटकार्डासाठी ठेवा.

सुंदर रावांच्या पुस्तकाचे मोल या टीकेने कमी होत नाही. 'मध्यम जाडीचा कोणताही कागद' हे त्यांचे म्हणणे रेषा उमटवण्यापुरते खरे आहे. शंभराहून अधिक वर्षे ते आपण तपासले नाही, ही उणीव आपली. घडीकामाचा पहिला तास घडीचा नसावा, कागदाचा असावा. चार प्रकारचे कागद, प्रत्येकाच्या दोन पट्ट्या आणि थोडे पाणी एवढ्यावर तो होतो. त्यानंतर ज्याचा कोपरा जुळणार नाही ते मूल आपल्या हाताला दोष देण्याआधी कागद उजेडात धरून पाहील. विज्ञान शिकवतो म्हणजे आपल्याला याहून वेगळे काय हवे असते?