जुळवणं सोपं, निवडणं अवघड : ‘शांघाय’विषयी थोडं

तत्त्वज्ञानाचा माणूस संगणकावरच्या खेळाकडे कशाला वळला, असं वाटेल तुम्हाला. सांगतो.

‘शांघाय’ हा खेळ ॲक्टिव्हिजन कंपनीनं १९८६ साली बाजारात आणला. तो मॅकिंटॉश, कमोडोर ६४ अशा घरगुती संगणकांवर चालायचा. ब्रोडी लॉकार्ड यांनी त्याचं आधीचं रूप १९८१ मध्ये ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर लिहिलं होतं. जिम्नॅस्टिक्सच्या सरावातल्या अपघातानं त्यांना पक्षाघात झालेला; तोंडात काठी धरून ते एकेक बटण दाबत. या खेळालाही चपळ बोटं लागत नाहीत.

नियम अगदी साधा. माहजाँगच्या १४४ सोंगट्या पाच थरांत रचलेल्या असतात : ८७, ३६, १६, ४ आणि माथ्यावर १. सारख्या दोन उचलायच्या. अट अशी, की सोंगटीवर दुसरी नको आणि डावी किंवा उजवी बाजू मोकळी हवी. लहान मूलही खेळेल.

मग त्यात विचार करण्यासारखं काय? फुलं आणि ऋतू सोडले, तर प्रत्येक चित्राच्या चार सोंगट्या असतात. त्यांतल्या तीन मोकळ्या झाल्या, की उचलायच्या कोणत्या दोन? डोळ्यांना तिन्ही सारख्याच. पण एकीखाली काहीच नसतं, दुसरीनं अख्खी रांग अडवलेली असते. वैशेषिकांनी एकसारखे परमाणू वेगळे ठरवायला ‘विशेष’ हा पदार्थ मानला. इथे ते काम जागा करते. डोळा सारखेपणा शोधतो. बुद्धीनं मात्र फरक शोधायचा असतो. बघा, जोड्या लावायच्या खेळाचं मर्म जोडीत नाहीच!

आता माझी तक्रार. सोंगट्या नुसत्या पिसून मांडल्या, तर काही डाव मुळातच सुटणारे नसतात. डाव अडला, की चूक माझी की मांडणीची, हे कळत नाही. मग आपण काय म्हणतो? “मांडणीच वाईट होती.” हे कधीकधी खरं असतं, म्हणूनच ही सबब फार धोक्याची. सुटेल अशी खात्री असलेला डाव मला जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे हरलो तर दोष निःसंशय माझा.

कोणी म्हणेल, आयुष्यात तरी अशी खात्री कुठे मिळते? मान्य. पण आयुष्यात तोच डाव पुन्हा मांडता येत नाही. खेळात येतो, तर निदान तिथे तरी आपली चूक आपल्याला दिसायला हवी ना?