इन्सॅटचा ओएलआर: मोजलेला की काढलेला?

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास दिसतं: ‘इन्सॅट-३डीने मोजलेला ओएलआर वापरला.’ माझा आक्षेप ‘मोजलेला’ या शब्दावर आहे.

ओएलआर म्हणजे पृथ्वीवरून अवकाशात जाणारं दीर्घलहरी प्रारण. जगाची सरासरी साधारण २४० वॅट प्रति चौरस मीटर. हे प्रारण साधारण ४ मायक्रॉनपासून थेट १०० मायक्रॉनपर्यंत पसरलेलं असतं. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीचा इमेजर त्यातले मोजकेच पट्टे बघतो: १०.३ ते ११.३, ११.५ ते १२.५, आणि बाष्पाचा ६.५ ते ७.१ मायक्रॉन. दूरच्या अवरक्त भागात त्याला काहीच दिसत नाही. म्हणजे खिडकीच्या फटीतून अख्ख्या वाड्याचा अंदाज बांधायचा. उरलेलं सगळं प्रारण-गणितावर बसवलेल्या समीकरणातून येतं. कल्पना-१ चंही तसंच होतं.

मग सेरेस तरी खरं मोजतं का, किंवा मेघा-ट्रॉपिक्सवरचा स्कॅरॅब तरी खरं मोजायचा का? सेरेस पूर्ण पट्टा बघतं, स्कॅरॅबही बघायचा, हे मोठं काम आहे. पण उपग्रहाला एका वेळी एकाच दिशेचं प्रारण दिसतं. सगळ्या दिशांचं मिळून किती, हे तिथेही मॉडेल लावूनच काढावं लागतं. फरक इतकाच, की तिथे अंदाजाचा वाटा बराच कमी.

इन्सॅटची बाजूही मांडायला हवी. तो एकाच जागेवरून दर अर्ध्या तासाला बघतो. दुपारनंतर वाढणारे ढग टिपायला हे लागतंच. ॲक्वासारखा ध्रुवीय उपग्रह आपल्यावरून दिवसातून साधारण दोनदाच जातो. त्यामुळे डेटा वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याच्याकडून नको ते मागू नका एवढंच म्हणतो.

सोलापूरचं उदाहरण घ्या. आपण पर्जन्यछायेत. लांब कुठेतरी वाढलेल्या ढगाचा वरचा पसारा वाऱ्याबरोबर इकडे येतो. जाड असेल तर त्याचा माथा २२० केल्विन भरतो, म्हणजे कृष्णिकेच्या हिशेबाने सुमारे १३३ वॅट. नकाशावर गडद डाग उमटतो, खाली मात्र टिपूस नाही. कमी ओएलआर म्हणजे पाऊस, हे समीकरण जिल्हा पातळीवर असं फसतं. आणि अशा नकाशावरून कुणी दुष्काळाबद्दल निष्कर्ष काढला, तर चूक फक्त प्रबंधापुरती राहत नाही.

मग करायचं काय? ‘मोजलेला’ऐवजी ‘अनुमानित’ लिहा. मोसडॅकवरून फाइल उतरवलीत की आधी त्या प्रॉडक्टची पद्धत वाचा. सेरेसशी तुलना करताना वेळ आणि पिक्सेल जुळवा: इन्सॅटचा अवरक्त पिक्सेल ४ किमी, ॲक्वावरच्या सेरेसचा सुमारे २० किमी. पावसाबद्दल बोलायचं असेल, तर जमिनीवरचा पर्जन्यमापक सोबत हवाच.

व्हायवात ‘हा आकडा आला कुठून?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर ‘उपग्रहातून’ एवढंच नसावं.