मोडीत न निघणारी वास्तू

घिवलीच्या किनाऱ्यावर उभा असता तारापूरच्या अणुवीजकेंद्राकडे पाहून मला एक शब्द आठवला: मोडीत काढणे. घरातले फुटके पितळी भांडे आपण मोडीत काढतो, चार पैसे हाती येतात, व्यवहार संपतो. अणुभट्टीलाही आपण हाच शब्द सर्रास लावतो, आणि तिथेच आपली चूक होते. तिच्या मोडीचे पैसे मिळत नाहीत. उलट ती चालू असतानाच मोडणीचा खर्च साठवावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी विजेच्या दर युनिटमागे २ पैसे आकारण्याची पद्धत आहे. आधी इंधन काढून पाण्याच्या हौदात वर्षानुवर्षे निववायचे, मग नळ धुवायचे, आणि भट्टीचे मुख्य पात्र दुरून चालणाऱ्या यंत्रांनी कापायचे. वापरलेल्या इंधनातील सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मे होते. त्याचा हजारावा हिस्सा उरायला ३०० वर्षे लागतात.

हा काळ मराठी कादंबरीच्या आवाक्यात आहे काय? श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीने एका घराण्याच्या चार पिढ्या पेलल्या. ते सामर्थ्य मोठेच. पण पडलेल्या वाड्याचे दगड कुणालाही बाधत नाहीत. म्हणून आपल्या साहित्यात ऱ्हासावर शोक करणारा भेटतो, ऱ्हासाची राखण करणारा भेटत नाही. अणुभट्टीला अश्रू नकोत, राखणदार हवा.

ही बाब तंत्रज्ञांची, साहित्यिकाने तीत पडू नये, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. २०२० मध्ये थांबल्या त्या दुरुस्तीसाठी, मोडण्यासाठी नव्हे. शेवट पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. उभारणीची किंमत ज्या टापूने मोजली, त्याला मोडणीचा हिशेब त्याच्या भाषेत कळला पाहिजे. ३०० वर्षे टिकेल अशी सूचना नुसत्या सरकारी कागदावर तगत नाही. ती गोष्टींतून, गाण्यांतून पिढ्या ओलांडते. ते काम भाषेचे आहे, आणि आपण अजून त्याला हात घातलेला नाही.