नाताळच्या घरात ख्रिस्तपुराण

नाताळ जवळ आला की कळव्यातील कॅथलिक घरांत गोठा मांडला जातो, खिडकीत तारा लागतो आणि गाणी मात्र बहुधा इंग्रजी असतात. या घरांना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची आठवण द्यावी, असे आम्हांस वाटते. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या या ग्रंथाची लिपी रोमन. परंतु भाषा मराठी आणि छंद ओवीचा. (स्टीफन्स यांची साष्टी गोव्यातली; कळव्याच्या खाडीपलीकडची साष्टी निराळी. ही गल्लत पुष्कळदा होते.)

ओवी हा घरातला छंद. जात्यावर, पाळण्यापाशी वाढलेला. म्हणूनच 'दुसऱ्या पुराणा'तील ख्रिस्तजन्माचे आख्यान व्यासपीठावरून वाचण्यापेक्षा कुटुंबात बसून गाण्यातच शोभते. ग्रंथ निर्दोष नाही. सिद्धान्तनिरूपण लांबते तेथे कवी मागे पडतो व उपदेशक पुढे येतो. शब्दकळाही आजच्या मुलांना अवघड. तेव्हा वीसपंचवीस ओव्याच निवडाव्यात; आजीने एक म्हणावी, इतरांनी झेलावी. प्रा. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ पासून आहे, त्यामुळे लिपीची सबब चालणार नाही.

सतराव्या शतकात छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देशी भाषेविरुद्ध हुकूमही काढला. तरी पुराण टिकले, ते मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली आणि ती गात राहिली म्हणून. त्यांच्याच आधारे १९०७ ची मंगळूर आवृत्ती निघाली.